भिशी सुरुवातीला पुरते, पुढे काय? अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय उद्योजिकांबद्दल

रिचमंडकरीण

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळत होतं, आज लिहूनच टाकते.

मी व्हर्जिनियातल्या रिचमंडमध्ये अकरा वर्षं राहतेय. छोट्या धंद्यांचे हिशेब लिहिणं हे माझं काम. सध्या सात गिऱ्हाइकं आहेत, त्यांतल्या पाच कृष्णवर्णीय बायका. एकीचं वेण्या घालून द्यायचं दुकान आहे, एकीचं पाळणाघर, एक ऑफिसं साफ करायची कंत्राटं घेते, एक साबण आणि मेणबत्त्या करते आणि एक रताळ्याचं पाई (पिठाच्या पारीत सारण भरून भाजलेला गोड पदार्थ) विकते. आपल्याकडे रताळ्याच्या घाऱ्या जितक्या घरच्या, तितकं यांच्याकडे हे पाई.

या पाईवाल्या मावशी (नाव मुद्दाम देत नाही) पहिल्यांदा आल्या त्या बुटांच्या खोक्यात वर्षभराच्या पावत्या घेऊन. लोणी, अंडी, साखर, जायफळ, पत्र्याच्या थाळ्या, तासावारी भाड्याने घेतलेलं स्वयंपाकघर, सगळ्याची पावती होती. फक्त त्यांच्या स्वतःच्या मेहनतीचा कुठे उल्लेख नव्हता. पहाटे तीनला उठून रताळी भाजायची, सोलायची, दोरे निघेपर्यंत गाळायची, याचे पैसे कुणी धरलेच नव्हते. मी वहीत एक जादा रकाना आखला, ‘माझे तास’. महिनाभर भरून घेतला आणि मग बेरीज दाखवली. दर ताशी हातात पडत होतं ते दुकानात झाडू मारणाऱ्या पोराच्या पगारापेक्षा कमी. मावशी बराच वेळ त्या आकड्यावर बोट ठेवून बसल्या. पुढच्या शनिवारी पाईची किंमत दोन डॉलरनी वाढली. एकही गिऱ्हाईक तुटलं नाही.

आता खरा विषय. मावशींना स्वतःची मोठी भट्टी घ्यायची आहे. एका बँकेत आम्ही दोघी गेलो. कागद सगळे व्यवस्थित होते. उत्तर मिळालं की एवढं छोटं कर्ज आम्ही देत नाही आणि मोठं द्यायचं तर तारण हवं. मावशी भाड्याच्या घरात राहतात. झालं, विषय संपला.

त्या बँकेतून निघून आम्ही चालत जॅक्सन वॉर्डात गेलो. रिचमंडमधली ही कृष्णवर्णीयांची जुनी पेठ. तिथे ईस्ट ली स्ट्रीटवर मॅगी लीना वॉकर यांचं घर राष्ट्रीय स्मारक म्हणून जपलेलं आहे. मी इतकी वर्षं इथे राहून आत गेले नव्हते, याची मला त्या दिवशी लाज वाटली.

मॅगीबाईंचा जन्म १८६४ चा. आई धुणं धुवायची आणि लहानगी मॅगी गोऱ्यांच्या घरी कपडे पोचवायची. पुढे त्या म्हणत, मी तोंडात चांदीचा चमचा घेऊन नाही, जवळजवळ डोक्यावर धुण्याची टोपली घेऊनच जन्मले. १८९९ मध्ये त्यांच्याकडे ‘इंडिपेंडंट ऑर्डर ऑफ सेंट ल्यूक’ या परस्पर-साहाय्य संस्थेची सूत्रं आली. आजारपण आणि मयतीसाठी लोक तिथे थोडी थोडी वर्गणी भरत. १९०१ मध्ये त्यांनी संस्थेच्या सभेत सांगितलं की आपले पैसे एकत्र करू, आपल्यातच व्याजाने फिरवू आणि फायदाही आपणच घेऊ. निकेल (पाच सेंटांचं नाणं) घेऊन त्याचे डॉलर करणारी बँक आपल्याला हवी. २ नोव्हेंबर १९०३ ला ‘सेंट ल्यूक पेनी सेव्हिंग्ज बँक’ उघडली. पहिल्या दिवशी २८० च्या आसपास लोकांनी मिळून आठ हजार डॉलरहून जास्त ठेवी ठेवल्या. त्यात एकाने खातं उघडलं ते ३१ सेंटांवर! अमेरिकेत बँकेची सनद मिळवून ती चालवणारी ही पहिली कृष्णवर्णीय स्त्री. १९२० पर्यंत या बँकेच्या कर्जावर सुमारे ६०० घरं झाली होती.

मावशी त्या घराच्या दारात मला म्हणाल्या, “म्हणजे एकशे वीस वर्षांपूर्वी मला भट्टी मिळाली असती.”

ते वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा. तुमच्यापैकी कुणाला याबद्दल माहिती असेल, अनुभव असतील, तर जरूर लिहा.

---

पाऊसवेडी

काय सुंदर लिहिलंयस गं. ‘माझे तास’ हा रकाना माझ्या आईच्या मसाल्याच्या धंद्यात कधीच नव्हता. आज तिला फोन करते.

मला मॅडम सी. जे. वॉकर माहीत होत्या, या मॅगी वॉकर नव्हत्या. दोघी नात्यातल्या का?

---

रिचमंडकरीण

नाही गं, आडनाव तेवढं एक. दोघींना ते नवऱ्याकडून आलं आणि दोघींचं धुण्याच्या टोपलीशी नातं होतं.

मॅडम वॉकर म्हणजे मूळच्या सारा ब्रीडलव्ह, जन्म १८६७, लुइझियानातल्या डेल्टा गावचा. आईवडील गुलामीतून सुटलेले. सातव्या वर्षी पोरकी, चौदाव्या वर्षी लग्न, विशीत विधवा, पदरात एक मुलगी. सेंट लुईसला येऊन वर्षानुवर्षं धुणं धुतलं. डोक्याच्या त्वचेच्या त्रासाने केस गळू लागले. तेव्हा घरात वाहतं पाणी नसणाऱ्या कितीतरी बायकांचं हेच दुखणं होतं. त्यातून केसांच्या औषधाचा धंदा उभा राहिला. १९१० मध्ये इंडियानापोलिसला मुख्य ठाणं आणि कारखाना.

१९१२ च्या शिकागोतल्या नीग्रो बिझनेस लीगच्या अधिवेशनात लीगचे संस्थापक बुकर टी. वॉशिंग्टन त्यांना बोलू देईनात. शेवटच्या दिवशी त्या भर सभेत उठून उभ्याच राहिल्या आणि म्हणाल्या, मी दक्षिणेच्या कापसाच्या शेतातून आलेली बाई आहे. तिथून मला बढती मिळाली धुण्याच्या टबावर, तिथून स्वयंपाकघरात, आणि तिथून पुढची बढती माझी मीच घेतली. माझ्या स्वतःच्या जागेवर मी माझा कारखाना बांधला आहे. पुढच्या वर्षीच्या अधिवेशनात वॉशिंग्टननी त्यांना सन्मानाने बोलावलं.

---

निंबोणी

यात एक नाव कायम मागे पडतं, ते ॲनी मलोन यांचं. सारा आधी त्यांच्या ‘पोरो’ कंपनीची विक्रेती होती. दारोदार जाऊन विकणाऱ्या बायकांची साखळी उभी करायची, त्यांनाच केसांची निगा शिकवायची, ही पद्धत ॲनीबाईंचीही होती. १९१८ मध्ये त्यांनी सेंट लुईसला पोरो कॉलेजची मोठी इमारत बांधली. ‘स्वतःच्या कमाईवर झालेली पहिली दशलक्षाधीश स्त्री’ असं बिरूद एकीला चिकटवलं की दुसरी अंधारात जाते. मला हे मनापासून खटकतं.

आणि माझ्या मते दशलक्षाधीश होणं हा मुद्दा दुय्यम. तेव्हा बहुतेक कृष्णवर्णीय बाईला दोनच कामं खुली होती, गोऱ्यांच्या शेतावर राबायचं किंवा त्यांच्या घरी. या विक्रेत्या बायकांना मालकीण नव्हती. १९१७ मध्ये मॅडम वॉकरनी फिलाडेल्फियात आपल्या विक्रेत्यांचं अधिवेशन भरवलं, तिथे जास्त माल विकणारीला बक्षीस होतंच, पण समाजकार्याला जास्त पैसे देणारीलाही होतं. तिथून त्यांनी लिंचिंगविरुद्ध (जमावाने खटल्याविना ठार मारण्याविरुद्ध) राष्ट्राध्यक्षांना तार पाठवली. ज्यांची रोजची भाकरी गोऱ्या मालकाच्या हातात नाही, त्याच बायका अशी तार पाठवू शकत होत्या.

---

शंकासुर

लेख आवडला. एक प्रामाणिक प्रश्न. कर्ज न मिळणं ही प्रत्येक छोट्या धंदेवाल्याची रड आहे. माझ्या भावाचं नाशिकला वर्कशॉप आहे, त्यालाही तारणच मागतात. मग ‘कृष्णवर्णीय बायका’ असा वेगळा विचार का करायचा? समजून घ्यायचं आहे.

---

रिचमंडकरीण

प्रश्न रास्त आहे, शंकासुर. मलाही सुरुवातीला पडला होता.

बँक तारण मागते, आणि सामान्य माणसाकडे तारण म्हणजे घर. आता घराचं बघा. १९३० च्या दशकात सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे रंगवले आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगात टाकल्या, म्हणजे इथे कर्ज देणं धोक्याचं. जॅक्सन वॉर्डही लालच. मग १९५० च्या दशकात त्याच पेठेच्या मधोमध महामार्ग काढला. घरं गेली, दुकानं गेली. आजीचं घर गेलं की आईला तारण नाही, आईला नाही म्हणून मावशींना नाही. तुमच्या भावाची अडचण खरी आहे, पण त्याच्या आजोबांचं घर सरकारने लाल रंगात रंगवलेलं नव्हतं.

त्यात बाई असण्याची भर. १९७४ चा समान कर्जसंधीचा कायदा होईपर्यंत बाईला साधं क्रेडिट कार्डही नवऱ्याच्या सहीशिवाय नाकारता येत असे. धंद्याच्या कर्जाला घरातल्या पुरुषाची सही मागणारे काही राज्यांतले कायदे तर १९८८ पर्यंत टिकून होते. १९८८! मी तेव्हा शाळेत होते.

आणि मॅगीबाईंचंच पुढचं ऐका. १९०५ मध्ये त्यांनी ब्रॉड स्ट्रीटवर मोठं दुकान काढलं, सेंट ल्यूक एम्पोरियम. काउंटरवर कृष्णवर्णीय मुली, गोऱ्यांच्या दुकानात तेव्हा त्यांना ती नोकरी मिळतच नसे. गोऱ्या व्यापाऱ्यांनी आधी ती जागाच सोडा म्हणून पैसे देऊ केले. बाई बधल्या नाहीत, तेव्हा घाऊक व्यापाऱ्यांवर दबाव आणला की यांना माल देऊ नका. सहा-सात वर्षांत दुकान बंद पडलं. माल वाईट नव्हता, मुली कामचुकार नव्हत्या.

---

शंकासुर

पटलं. महामार्गाचं माहीत नव्हतं. धन्यवाद.

---

मेंफिसची_माई

मी जरा वेण्यांबद्दल लिहिते. माझ्या शेजारच्या दुकानात मी तासन्‌तास बसून बघितलंय. बारीक बारीक वेण्या घालायला पाच-सहा तास लागतात. आधी कंगव्याच्या टोकाने चौकोनी भांग पाडायचे, मग प्रत्येक चौकोनातले केस तीन पेडांत घेऊन जोडकेस मिसळत न्यायचे. बाईच्या हाताला बघून काही कळत नाही इतका वेग असतो, फक्त मनगटावर पट्टा बांधलेला दिसतो. आईकडून, आजीकडून आलेली कला. कात्री नाही, रसायन नाही.

तरी कित्येक राज्यांत यासाठी ब्यूटी पार्लरचा परवाना मागत. त्यासाठी शेकडो तासांचा महागडा अभ्यासक्रम, ज्यात वेण्या जवळजवळ शिकवतच नसत! आमच्यापासून दोन तासांवर, मिसिसिपीतल्या टुपेलोला मेलनी आर्मस्ट्राँग यांचं वेण्यांचं दुकान. त्यांना दुसऱ्या बायकांना शिकवायचं होतं, तेही कायद्यात बसेना. त्या कोर्टात गेल्या, विधिमंडळात खेटे घातले, आणि २००५ मध्ये कायदा बदलला. मग तिथे २५ डॉलर भरून नोंदणी केली, स्वच्छतेचे नियम पाळले की दुकान उघडता येऊ लागलं. नंतर शेकडो बायकांनी नोंदणी केली. म्हणजे धंदा करणाऱ्या होत्याच, चोरून करत होत्या.

सक्षमीकरण म्हटलं की सगळे प्रशिक्षणाच्या गोष्टी करतात. इथे प्रशिक्षणाची सक्तीच आड येत होती.

---

दगडफूल

पाई म्हटल्यावर मला अलाबामातल्या माँटगोमरीच्या जॉर्जिया गिलमोर आठवल्या. बसमधल्या वर्णभेदाविरुद्धचा १९५५-५६ चा बसबहिष्कार सगळ्यांना माहीत आहे, ३८१ दिवस लोक चालत किंवा वर्गणीच्या गाड्यांनी कामाला गेले. त्या गाड्यांच्या पेट्रोलचे पैसे कुठून आले? बरेचसे असल्या चुलींवरून. जॉर्जियाबाईंनी बायकांचा गट केला. तळलेलं चिकन, केक, पाई करून विकायचं आणि पैसे सभेत आणून द्यायचे. कोण करतं हे कळलं तर नोकरी जाणार, म्हणून गटाचं नाव ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’. पैसे आले कुठून? ‘कुठूनच नाही’!

जॉर्जियाबाईंनी बहिष्काराचे पुढारी डॉ. मार्टिन लूथर किंग यांच्या खटल्यात साक्ष दिली आणि त्यांची खाणावळीतली नोकरी गेलीच. तेव्हा किंग यांनी त्यांना घरीच स्वयंपाक करून विकायला सांगितलं, भांड्याकुंड्यांना पैसेही दिले. मग त्यांच्या जेवणघरात पुढारी, वकील, मजूर सगळे एकाच टेबलाला जेवत. १९९० मध्ये त्या गेल्या तेव्हा त्यांनीच रांधून ठेवलेलं जेवण लोकांना वाढलं गेलं, असं वाचलं तेव्हा मी रडले होते.

---

आजोबा_बोरिवली

दगडफूल, तुमचं वाचून आमचं गिरणगाव डोळ्यांपुढे उभं राहिलं. आमच्या चाळीत तीन खानावळवाल्या होत्या. गिरणीतला माणूस महिना भरल्यावर पैसे देणार, तोवर वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज त्या बाईच्या डोक्यावर. मंगळसूत्र कायम गहाण. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. बँकेची पायरी चढायला घाबरणाऱ्या आमच्या शेजारच्या काकू नंतर पासबुक देवघरात ठेवत असत. तुमच्या मावशींना माझा नमस्कार सांगा.

---

माणदेशी

मी म्हसवडची. मॅगीबाईंची बँक वाचून लगेच लॉगइन केलं! चेतनाताई सिन्हांनी आमच्याकडच्या बायकांची बँक काढायला अर्ज केला, तेव्हा रिझर्व्ह बँकेने तो फेटाळला, कारण अर्जावर अंगठे होते. बायकांनी साक्षरतेचे वर्ग केले, पुन्हा गेल्या, आणि साहेबांना म्हणाल्या, आम्हाला लिहिता-वाचता येत नसेल, पण हिशेब येतो. सांगा कोणत्याही मुद्दलाचं व्याज, बघू कोण आधी सांगतं. १९९७ मध्ये माणदेशी महिला बँक सुरू झाली. तिकडे ३१ सेंट, इकडे आठवडी बाजारातल्या बायकांच्या दहा-वीस रुपयांच्या ठेवी. माझ्या आईचं खातं तिथेच आहे.

---

अटलांटावासी

धाग्यात आजची बाजू राहते आहे म्हणून लिहितो.

स्टार्टअपमध्ये गुंतवणूक करणाऱ्या फंडांचा जो पैसा अमेरिकेत वाटला जातो, त्यातला एक टक्काही कृष्णवर्णीय बायकांच्या कंपन्यांना मिळत नाही. म्हणून इथे अटलांटात कृष्णवर्णीय बायकांनीच ‘फिअरलेस फंड’ काढला. त्यांची एक स्पर्धा होती, निवडलेल्या कृष्णवर्णीय उद्योजिकेला २०,००० डॉलर अनुदान. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यावर खटला झाला की हा इतरांवर वांशिक अन्याय आहे. आधार कोणता घेतला? १८६६ चा नागरी हक्क कायदा, जो गुलामीतून सुटलेल्यांना करार करायचा हक्क मिळावा म्हणून केला होता. जून २०२४ मध्ये अपील कोर्टाने दोन विरुद्ध एक मतांनी स्पर्धा थांबवली आणि सप्टेंबरमध्ये तडजोड होऊन ती कायमची बंद झाली.

वंशावरून भेद नको हे तत्त्व मला मान्य आहे. पण त्या कायद्याचं असं टोक या बायकांच्याच दिशेने वळलेलं बघून मला अतिशय वाईट वाटलं. यानंतर अशा कित्येक योजनांनी आपल्या अटींतून ‘कृष्णवर्णीय’ हा शब्दच काढून टाकला.

---

निंबोणी

मला एक अडचणीचं बोलायचं आहे. ‘कृष्णवर्णीय उद्योजिकांची संख्या झपाट्याने वाढतेय’ अशा बातम्या सारख्या येतात. आता ती वीस लाखांच्या घरात आहे. पण यांतल्या बहुसंख्य धंद्यांत मालकिणीखेरीज एकही पगारी माणूस नाही. नोकरीत पुरत नाही म्हणून रात्री केक, शनिवारी वेण्या. याला ‘वाढ’ म्हणायचं की नोकरीत मिळणाऱ्या कमी पगाराची भरपाई? रिचमंडकरीण, तुमचा अनुभव काय?

---

रिचमंडकरीण

निंबोणी, तुम्ही अगदी नेमकं बोट ठेवलंत. माझ्या पाचपैकी तिघी दुसरी नोकरी करतात. मावशी स्वतः एका वृद्धाश्रमात काम करतात. पाळणाघरवाल्या बाईंकडे मात्र चार पगारी मुली आहेत, त्यांतल्या दोघी आता पदवी घेतायत. फरक काय? पाळणाघरवाल्यांना आठ वर्षांपूर्वी एका सामुदायिक कर्जसंस्थेने कर्ज दिलं. अशा संस्थांसाठी सरकारी निधी १९९४ मध्ये सुरू झाला. बँक ज्यांना दारात उभं करत नाही अशांना त्या कर्ज देतात आणि सोबत हिशेबही शिकवतात. त्यांनी तारणाऐवजी पोरांची हजेरी आणि फीच्या नोंदी बघितल्या.

म्हणून माझं मत असं झालंय. धंदा सुरू करायला या बायकांना कुणी शिकवायची गरज नाही. त्यासाठी त्यांची भिशी आहे. हो, भिशीच! इथे तिला ‘सुसू’ म्हणतात, पश्चिम आफ्रिकेतून आणि कॅरिबियन बेटांतून आलेली. दहा जणी, ठरलेला हप्ता, दर महिन्याला एकीचा नंबर. मावशींच्या सुसूचं ऐकल्यावर मी आमच्या सांगलीच्या भिशीचं सांगितलं, तर त्यांनी मला मिठीच मारली. पण भिशीतून मिळते कढई, भट्टी नाही. शिवाय वीस वर्षं एकही हप्ता न चुकवलेल्या बाईची बँकेच्या दप्तरी कसलीच नोंद होत नाही. पतच दिसत नाही. कर्ज अडतं ते तिथे, धंदा एका माणसावरून चार माणसांवर जायच्या पायरीवर. मॅगीबाईंनी नेमकी तीच पायरी बांधली होती, वर्गणीची बँक केली.

---

पाऊसवेडी

आईशी बोलले. ती म्हणाली, “माझे तास मोजायला गेले तर मसाला कुणाला परवडायचा नाही.” मी वही पाठवतेय तिला तरीही.

---

आजोबा_बोरिवली

धागा वर काढतोय. ताई, मावशींच्या भट्टीचं पुढे काय झालं?

---

रिचमंडकरीण

आजोबा, उशिरा उत्तर देतेय, माफ करा. करांचे दिवस होते.

मावशींचा सुसूतला नंबर नववा होता. वेण्यांच्या दुकानवाल्या बाईंचा तिसरा. त्यांनी अदलाबदल केली, आपण होऊन. दहा जणींचे चारशे-चारशे, असे चार हजार डॉलर हातात आले. बंद पडलेल्या एका बेकरीची जुनी दोन कप्प्यांची भट्टी ३,६०० ला मिळाली. उरलेले चारशे ती उचलून आणण्यात गेले. एका चर्चच्या स्वयंपाकघरात ती बसवली आहे. आधी एका वेळेला सहा पाई व्हायची, आता वीस होतात. पहिल्या घाण्याची कड थोडी करपली, ती आम्ही तिघींनी तिथेच उभ्याने खाल्ली. तुमचा नमस्कार सांगितला, त्यांनी बोरिवली म्हणजे कुठे ते नकाशात दाखवायला लावलं.

कर्जसंस्थेकडेही जाऊन आलो. तिथल्या बाईंनी वही चाळली, ‘माझे तास’ या रकान्यावर थांबल्या आणि हे काय म्हणून विचारलं. मावशींनीच समजावून सांगितलं. त्यांना पूर्ण दोन वर्षांच्या नोंदी लागतात. आमच्याकडे चौदा महिन्यांच्या आहेत, म्हणजे अजून दहा महिने. जुनी वही भरत आली होती, शनिवारी बाजारातून येताना नवी घेऊन आले.